ऐकू आली नाही

नवऱ्याच्या काखेत थर्मामीटर देऊन ती खिडकीपाशी उभी राहिली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणी बाई चादरी वाळत घालत होती. एकेक चादर झटकायची, दोरीवर टाकायची, टोकं जुळवायची, चिमटे लावायची. वारा आला की चादरी पोट फुगवून पुढे यायच्या आणि पुन्हा मागे जायच्या. ताप काही फार नव्हता, कणकणच होती; पण दोन दिवसांनी तिला दहा-बारा दिवसांसाठी बाहेर जायचं होतं, त्यामुळे उगाच जिवाला घोर. चादरी संपल्या. बाई रिकामी बादली उचलून जिन्यात दिसेनाशी झाली. "अगं, काढ की आता," नवरा म्हणाला, "केव्हाचं वाजून गेलं." तिने वळून पाहिलं. तो डोळे मिटूनच बोलत होता. "हो, लक्षच नव्हतं माझं," ती म्हणाली. थर्मामीटर काढलं, आकडा वाचून दाखवला, "उतरेल संध्याकाळपर्यंत," असं म्हणून स्वयंपाकघरात गेली. तिथे ओट्यापाशी तिने ते धुतलं, पुसलं आणि स्वतःच्या जिभेखाली धरलं. आकडे चढत गेले, थांबले, मिचमिचले. बस. तिने बटण दाबून ते बंद केलं, पुन्हा चालू केलं, डाव्या कानाशी धरलं, मग उजव्या. लेक लहान होती तेव्हा हेच थर्मामीटर, किंवा याच जातीचं दुसरं, वाजलं की तापातही ती हसायची आणि "चिमणी बोलली" म्हणायची. म्हणजे तेव्हा ऐकू येत होतं. तिने पुन्हा बटण दाबलं. "काय चाललंय?" आतून नवरा ओरडला, "किती वेळा वाजवशील ते!"

ते मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं. तेच तर होतं. कुकरची शिटी ऐकू येत होती, खालच्या मजल्यावरची भांडणं ऐकू येत होती, शाळेची घंटा तर नको तितकी. बहिरी माणसं म्हणजे कानात यंत्र घालणारी, "आँ?" करून तळहात कानामागे नेणारी, म्हातारी. ती पन्नाशीच्या अलीकडची होती, शाळेत जीवशास्त्र शिकवत होती, फळ्यावर कानाची आकृती न बघता काढू शकत होती. शंखाच्या आकाराची ती नळी, तिच्यातले केस, आणि सगळ्यांत बारीक आवाज टिपणारे केस अगदी दाराशी असतात, म्हणून तेच आधी झडतात, हेही ती दरवर्षी सांगायची. मुलं लिहून घ्यायची. निघण्याआधी डॉक्टरकडे जाऊन यायला दोन दिवस हाताशी होते. त्या दोन दिवसांत तिने नवऱ्यासाठी औषधं आणली, फ्रीजमध्ये डबे भरून ठेवले, स्वतःचे बूट उन्हात टाकले. विषयाकडे कानाडोळा करावा, तसा कानाकडेही करता येतो, असं मनाशी म्हणून तिला हसूही आलं, आणि हा विनोद सांगावा असं घरात कुणी नाही हेही लक्षात आलं.

तिचं एम.एस्सी. अर्ध्यावर राहिलं होतं. आधी आईचं आजारपण, मग लग्न, मग लेक. कुणी अडवलं असं म्हणायला जागा नव्हती, प्रत्येक वेळी तिनेच "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं होतं. आता लेक परगावी नोकरीला लागली, घर मोठं झाल्यासारखं झालं, आणि विद्यापीठाने जुन्यांना पदवी पुरी करायची मुभा दिली. परीक्षा ती शाळा सांभाळून देत आली. उरला होता तो हा फील्ड कोर्स. डोंगरमाथ्यावरच्या संशोधन केंद्रात राहायचं, तिथल्या सरांच्या हाताखाली काम करायचं, की पदवी. "जा की," नवरा म्हणाला होता. त्या दोन शब्दांवर ती किती तरी दिवस विचार करत होती. आनंदाने म्हणाला, की कंटाळून, की नुसतंच. त्याच्या आवाजात अलीकडे काही सापडायचं नाही. लेक गेल्यापासून तो बोलेनासाच झाला होता, असं ती बहिणीला फोनवर सांगायची. बहीण म्हणायची, "सगळ्यांचे असेच गं. वयाबरोबर आत आत जातात."

गाडीत सगळी विशीतली पोरं. तिला काय म्हणायचं यावर पहिला तासभर त्यांची पंचाईत झाली. एकाने "काकू" म्हणून पाहिलं, एकीने "मॅडम", एकाने काहीच न म्हणता नुसतंच "तुमची बॅग" म्हटलं. शेवटी ती शिक्षिका आहे हे कळल्यावर "बाई" ठरलं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. तिलाही. बाई या शब्दामागे उभं राहायची तिला सवय होती. तिच्या शेजारी एक किरकोळ, मोठ्या चष्म्याची मुलगी बसली होती. बाकीचे तिला "म्यूट" म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती मान खाली घालून जरासं हसे. घाट चढताना म्यूट काहीतरी बोलली. "काय?" तिने विचारलं. मुलगी पुन्हा बोलली. ओठ हलले, घोटभर आवाज आला, त्यात शब्द नव्हते. "काय गं? मोठ्याने बोल ना," ती शाळेतल्या आवाजात म्हणाली. मुलीने मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं. अलीकडची मुलं अशीच पुटपुटतात, हे तिचं जुनं मत होतं. शिक्षकांच्या खोलीत ती तावातावाने सांगायची की या पिढीला तोंड उघडून बोलायचाच कंटाळा आहे. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलींना ती उभं करायची, "जीभ गिळलीस का?" विचारायची. घाटाच्या वळणावळणावर तिला त्या मुली आठवू लागल्या. उभ्या राहिलेल्या, लाल झालेल्या, आणि त्यांच्या आजूबाजूच्या, ज्यांनी उत्तर ऐकलेलं असायचं आणि ज्या बाईंकडे चमत्कारिक नजरेने बघत असायच्या.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांबलचक इमारत, तिच्या एका अंगाला व्हरांडा, मधे स्टीलच्या टेबलांची प्रयोगशाळा, टोकाला जेवणघर. भिंतींना स्पिरिटचा आणि ओल्या लोकरीचा वास. चहूकडे गवताचे उतार, त्यांच्या घडीघडीत काळपट झाडी, आणि इतकं आकाश की मान अवघडावी. सामान टाकून ती व्हरांड्यात आली तेव्हा सूर्य बुडत होता. वारा पडला होता. गवताचं एक पातं हलत नव्हतं. शहरात तिच्या कानात सदोदित काहीतरी गुरगुरत असायचं, रस्ता, पंखे, पंप. इथे ते सगळं एकदम काढून घेतल्यासारखं झालं, आणि त्या पोकळीत ती अशी सैलावली की डोळ्यांत पाणीच आलं. मुलं पायऱ्यांवर बसली होती. सर, साठीला टेकलेले, हनुवटीखाली दोरी बांधलेल्या टोपीतले, खांबाला टेकून चहा पीत होते. "किती शांत आहे नाही इथे!" ती म्हणाली. मनापासून म्हणाली. क्षणभर सगळे तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसले, खळखळून, तिच्या विनोदाला दाद देत. "हो ना बाई," कॅमेरावाला मुलगा कानांवर हात ठेवून ओरडला, "कान किटले या किड्यांनी!" सरही हसले. "आज तर कमीच आहेत," ते म्हणाले. तीही हसली. सगळ्यांच्या थोडं आधी थांबली असती तर कळलं असतं, म्हणून सगळ्यांच्या नंतर थांबली.

त्या संध्याकाळी ती व्हरांड्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली आणि ऐकायचा प्रयत्न करत राहिली. प्रयत्न कशाने करायचा, हेच कळत नव्हतं. डोळे ताणता येतात, हात लांबवता येतो. कान ताणायला गेलं की मान ताणली जाते, जबडा आवळला जातो, आत मात्र काही होत नाही. गवतातून, झाडीतून, पायरीखालच्या दगडातून हजारो किडे तिच्या अंगावर आवाज फेकत होते आणि तो तिच्यातून आरपार जात होता. लहानपणीच्या घरात न्हाणीघराच्या भिंतीत एक रातकिडा होता. संध्याकाळ झाली की सुरू व्हायचा. वडील हातात चप्पल घेऊन भिंतीला कान लावून उभे राहायचे. ते जवळ गेले की तो गप्प, ते मागे सरकले की पुन्हा सुरू. आई म्हणायची, "राहू दे हो, त्याचं घर आहे ते." वडील म्हणायचे, "भाडं कोण भरतं?" ती आणि बहीण पांघरुणात तोंड खुपसून हसायच्या. तो आवाज तिला आठवत होता. म्हणजे आवाज होता हे आठवत होतं. भिंत, चप्पल, बनियनमधली वडिलांची वाकलेली पाठ, सगळं होतं, पण ते चित्र मुकं होतं. शेवटचा रातकिडा तिने कधी ऐकला असेल? शेवटचं म्हणून कुणी सांगत नाही. आपण भाजी चिरत असतो, पोळी उलटत असतो, आणि एक आवाज जगातून कायमचा उठून जातो, आणि आपण म्हणतो, आज जरा निवांत वाटतंय.

काम असं होतं. गवतात राहणारा मुठीतही न भरणारा एक करडा पक्षी होता. त्याचं शास्त्रीय नाव जिभेला गाठ पाडणारं, म्हणून सर त्याला "सुई" म्हणत. दिसायची ती क्वचितच. उजाडताना गवतातून तिची हाक यायची, बारीक, टोकदार, म्हणून सुई. सर कितीक वर्षं याच दिवसांत, याच उतारांवर विद्यार्थ्यांच्या जोड्या उभ्या करून सुया मोजत होते. दरवर्षी त्या कमी होत होत्या. ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांना सिद्ध करायचं होतं की हे उतार राखले पाहिजेत. पूर्वेकडच्या उतारावर तिची आणि म्यूटची जोडी लागली. पहिल्याच पहाटे दोघी धुक्यात जाऊन उभ्या राहिल्या. बूट दवाने जड झाले. उजेड गवताच्या टोकांवर उतरू लागला. म्यूटने एकदम बोट वर केलं, चष्म्याआडचे डोळे मोठे झाले, आणि तिने बाईंकडे पाहिलं. ऐकलंत? मुलीचं बोट होतं त्या दिशेला तिनेही पाहिलं आणि मान हलवली. हो. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला बोट. मान. किती सोपं होतं ते. इतक्या सफाईने मान हलली की तिलाच भीती वाटली. ही सफाई काही आजची नव्हती. दुकानात, लग्नघरात, मुख्याध्यापकांच्या खोलीत, समोरचा थांबला की मान हलवायची, तो हसला की हसायचं, चेहरा गंभीर झाला की "अरेरे" म्हणायचं. आपण असं करतो हे तिने स्वतःलाही कधी कळू दिलं नव्हतं.

आणि घरी? उतारावरून परतताना म्यूट पुढे चालली होती आणि तिच्या मनात घर एकेक खोलीने उघडत होतं. नवरा दाराशी येऊन उभा राहतो. ती ओट्याकडे तोंड करून उभी आहे, नळ सुरू आहे. तो थोडा वेळ उभा राहतो आणि जातो. हे दृश्य तिने किती वेळा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, आला, उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. लेक फोनवर बोलते, तिचा पातळ आवाज पाण्यावर सांडलेल्या शाईसारखा पसरतो, आणि ती "बरं, बरं, जेवत जा वेळेवर" म्हणते. एकदा लेक गप्प झाली होती आणि म्हणाली होती, "आई, मी काय विचारलं?" आणि तिने हसून "तुझे प्रश्न कधी संपलेत?" म्हटलं होतं. नवऱ्याला ती कधी "काय म्हणालात?" विचारायची. तो म्हणायचा, "काही नाही." किंवा म्हणायचा, "जाऊ दे." त्या "जाऊ दे"वर तिने केवढा राग साठवला होता. अबोल्याचं आख्खं घर तिने त्याच्या नावावर करून टाकलं होतं. आता पायाखालच्या ओल्या गवतात तिला नक्की सांगता येईना की त्या घरात गप्प कोण होतं.

मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळायची. एका दुपारी ती तिथे गेली. वारा सुटला होता. तिने टाकीला पाठ लावली, एका कानावर तळहात दाबला. "ताप गेला?" तिने विचारलं. "केव्हाच गेला. तू कशी आहेस?" त्याचा आवाज मोठा होता, तेवढं कळलं. "बरी आहे. अहो, एक विचारू?" "विचार की." "तुम्ही माझ्याशी बोलायचं का सोडलंत?" पलीकडे थोडा वेळ काहीच आलं नाही, किंवा आलं. मग तो बोलू लागला. आणि बोलतच राहिला. इतकं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता, मधे थांबला, घसा खाकरला, पुन्हा बोलला. आवाज खाली गेला, एकदा कापरा झाला असं वाटलं, एकदा हसल्यासारखा. वाऱ्याने त्यातली व्यंजनं उचलून नेली होती. नुसते स्वर तिच्यापर्यंत पोहोचत होते, आ, ऊ, ए, जसं भिंतीपलीकडे कुणी कुणाला समजावत असावं. "आई" असा शब्द आला असावा, किंवा "नाही". मग तो थांबला. "...बरं?" त्याने विचारलं. तो शेवटचा शब्द अगदी स्पष्ट आला. परत सांगा, ऐकू आलं नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. "बरं," ती म्हणाली. फोन बंद झाला. टाकीच्या पत्र्यातून पाण्याचा गारवा तिच्या पाठीत उतरत होता. तिला वाटलं, पुन्हा लावावा. पण जे त्याने एकदा कसंबसं बाहेर काढलं, ते पुन्हा काढ म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी म्यूट पोट बिघडून पडली. पहाटे सर म्हणाले, "जाल ना एकट्या? लांब नाही," आणि ती हो म्हणाली. उतारावर ती एकटी उभी राहिली. धुकं आलं, सरकलं, उजेड झाला, एका पात्यावरून थेंब घरंगळला. शेजारी बोट वर करणारं कुणी नसलं की उतार कसा सपाट दिसत होता, नकाशावरच्यासारखा. परत आल्यावर सरांनी विचारलं, "मग?" वाटेत तिने ठरवलं काहीच नव्हतं. तोंडातून निघालं, "ऐकू आली नाही, सर." वाक्य खरं होतं. इतकं खरं की त्यात लपून बसता येत होतं. सरांनी मान हलवली आणि आत गेले. जेवताना ते अचानक म्हणाले, "पूर्वेच्या उतारावरून सुई गेली वाटतं." "कालपर्यंत होती ना पण," कुणीतरी म्हणालं. "कालपर्यंत सगळंच असतं," सर म्हणाले. "मी पहिल्यांदा आलो ना, तेव्हा तिथे बोलणं मुश्कील व्हायचं, इतक्या असायच्या." त्यांनी ताट जरासं पुढे सारलं. टोपीशिवाय त्यांचं डोकं लहान दिसत होतं, कपाळावर टोपीची खूण होती. आपल्या कानातली रिकामी जागा उचलून आपण या माणसाच्या उतारावर नेऊन ठेवली, असं तिला वाटलं, आणि ती उठली.

दुपारी ती प्रयोगशाळेत गेली. सर भिंग साफ करत होते. "सर, सुई आली नाही असं नाही. मला ऐकू आली नाही."

"तेच ना."

"तेच नाही. मला ऐकू येत नाही, सर. बारीक आवाज. पहिल्या संध्याकाळी मी विनोद केला नव्हता."

सरांनी भिंग खाली ठेवलं. "आणि आधीचे दिवस?"

"ती बोट वर करायची. मी मान हलवायचे."

ते रागावतील असं तिला वाटलं होतं, आणि ते रागावलेही. "मोठ्या माणसाने असं करावं? पोरांनी केलं असतं तर कान उपटले असते मी," म्हणाले, आणि कान हा शब्द तोंडून गेल्यावर ओशाळून इकडेतिकडे बघू लागले. मग खुर्ची ओढून तिला बसायला दिली. "हे बघा. आजचं शून्य नाही धरायचं मग. रिकामं ठेवायचं. शून्य म्हणजे आपण गेलो, ऐकलं, आणि पक्षी नव्हता. रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही. या दोहोंत गल्लत झाली की सगळी वर्षं पाण्यात." ते पक्ष्यांबद्दलच बोलत होते, त्यांच्या मनात दुसरं काही असायचं कारण नव्हतं. ती मात्र हातात हात गुंफून बसून राहिली. ओट्यापाशी उभ्या असलेल्या त्या बाईमागे, नळाच्या आवाजापलीकडे, दाराशी येऊन गेलेल्या माणसापुढे तिने इतकी वर्षं ठासून शून्य लिहिलं होतं.

"गावी गेलात की कान दाखवा," सर म्हणाले. "यंत्रं चांगली निघालीत आता. आणि उद्यापासून इथे बसा, किडे वेगळे करायला."

तेव्हापासून बाकीचे पहाटे बाहेर पडत आणि ती प्रयोगशाळेत बसे. सापळ्यांत पडलेले किडे स्पिरिटमधून चिमट्याने उचलायचे, माशा एका बशीत, भुंगे एका बशीत, कोळी एका. काम तिला आवडलं, डोळ्यांचं होतं. एका सकाळी बशीत रातकिडा निघाला, तपकिरी, मिशा तुटलेला. तिने त्याचा पंख सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कानशीसारखे दात, एकामागे एक, किती नेटके. दुसऱ्या पंखाची कडा त्यावर घासली की आवाज. नववीच्या मुलांना ती हे आकृती काढून शिकवायची आणि प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. तिने ते इतका वेळ पाहिलं की डोळा पाणावला. पण तिथे एकटं बसणं हे उतारावर एकटं उभं राहण्यासारखं नव्हतं. इमारत रिकामी असे, पत्रा उन्हाने तापू लागे, आणि सगळ्यांना आता माहीत झालं होतं. मुलं तिच्याशी मोठमोठ्याने, तोंडं वेडीवाकडी करून बोलू लागली होती. तान्ह्या बाळाशी किंवा परदेशी माणसाशी बोलावं तशी. आणि गरज नसेल तेव्हा बोलेनाशी झाली होती.

चहाच्या वेळी ती आणि म्यूट व्हरांड्याच्या एकाच बाकावर बसल्या होत्या. म्यूट आता बरी होती, पण तिच्याकडे बघत नव्हती. कॅमेरावाला पायरीवरून काहीतरी म्हणाला. पायरीवरचे सगळे हसले, एकीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तिने सवयीने हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. "काय म्हणाला तो?" तिने म्यूटला विचारलं.

म्यूटचे ओठ हलले. ते ओठ तिने ओळखले, घरी रोज पाहिले होते. काही नाही.

"काही नाही नको म्हणूस गं," ती म्हणाली. तिचा स्वर विनवणीचा झाला, तिलाच तो अनोळखी वाटला. "वाईट असलं तरी चालेल. पण सांग."

मुलीने कप खाली ठेवला. चष्मा वर सरकवला. मग तिच्याकडे पूर्ण वळून, मानेच्या शिरा फुगतील इतक्या जोराने म्हणाली, "म्हणाला, बहिरी आणि मुकी, जोडी छान जमली!"

कॅमेरावाल्याचा चेहरा पडला. तिला ते वाक्य पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, प्रत्येक जोडाक्षरासकट मिळालं होतं. ती हसू लागली, पोटात दुखेपर्यंत. आणि म्यूट आधी घाबरली, मग तीही हसू लागली. हसता हसता ती कानाशी येऊन म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम करता. गाडीत. सगळे करतात. मोठ्याने बोल, मोठ्याने बोल."

"काय म्हणाली होतीस गाडीत?"

मुलीने आठवून पाहिलं. "खिडकीशी बसायचंय का, असं."

निघायच्या आदल्या पहाटे म्यूटने तिला हलवून उठवलं. "चला," मुलगी म्हणाली, तोंड समोर धरून. "माझं काम इथे आहे आता," ती म्हणाली. "सरांनी तुझ्याबरोबर त्या कॅमेरावाल्याला दिलंय ना." म्यूटने नाक मुरडलं. "तो बडबडतो सारखा. त्याच्याबरोबर सुई काय, हत्तीसुद्धा ऐकू येणार नाही. सरांना विचारलंय मी. दोनदा विचारावं लागलं." दोघी बूट घालून बाहेर पडल्या. थंडी जास्त होती. धुकं उतारावर दुधाच्या सायीसारखं जमलं होतं आणि त्यातून गवताची टोकं तेवढी वर आली होती. दोघी आपापल्या जागी उभ्या राहिल्या. तिने या वेळी कान ताणले नाहीत, मान ताणली नाही. आपण ऐकायला आलेलो नाही हे कळल्यावर खांदे आपोआप खाली आले. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायचं होतं, त्या दिवशी टाकीपाशी मी बरं म्हटलं, ते खोटं होतं. मला एक शब्द कळला नाही. त्यावर तो काय म्हणेल हे तिला माहीत नव्हतं. कदाचित म्हणेल, जाऊ दे. कदाचित जे सांगितलं ते एकदाच सांगण्यासारखं असेल.

म्यूट तिच्याजवळ सरकली. बोट वर केलं नाही. तिचा हात धरला, बाही मनगटाच्या वर सारली आणि गार पडलेलं बोट तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलं. दोन हलक्या टिचक्या. थांबलं. मग तीन, भरभर, आणि एक उशिरा, पडता पडता सावरल्यासारखी. तिला आधी कळलं नाही. मग तिने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुलीची नजर उतारावर लांब कुठेतरी खिळली होती आणि बोट तिच्या मनाने चालत नव्हतं. दोन. थांबणं. तीन, आणि ती उशिराची एक. सुई अशी बोलते होय, तिला वाटलं; इतकी घाई आणि शेवटी इतका संकोच. तिच्या हाताला असं कुणी धरून किती काळ लोटला होता, याचा तिने विचार करू नये असं ठरवलं आणि केला. धुक्यातून उजेड वर येत होता. दोन. तीन. एक. मग बोट थांबलं. ते टेकलेलंच होतं, फक्त हलत नव्हतं. सुई उडून गेली होती, की नुसती गप्प बसली होती, की मुलगीच ऐकता ऐकता कुठे हरवली होती, हे कळायला मार्ग नव्हता, आणि विचारलं तर ऐकण्यात खंड पडला असता. मनगट तसंच उघडं धरून ती उभी राहिली.